मायणी तलावाच्या काठाने पायी फिरायचं आहे: वाट, चिखल, पक्षी, परवानगी

माळरान_विटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आम्ही विट्याहून मायणीच्या (खटाव तालुका, सातारा जिल्हा) तलावावर जाणार आहोत. एकूण अकरा जण. त्यात ८ ते १३ वयाची चार मुलं आणि माझे सासू-सासरे. दोघंही पासष्टीच्या पुढचे, सासऱ्यांचा एक गुडघा दुखरा. गाडीतून उतरायचं, भिंतीवर फोटो काढायचे आणि भेळ खाऊन परत फिरायचं असं नकोय. तलावाच्या कडेकडेने नीट चालायचं आहे.

तलावाला पूर्ण फेरी मारता येते का? मोबाइलच्या नकाशावर पायवाटेचे तुकडे दिसतात आणि मध्येच तुटतात. उपग्रहाचं चित्र कधीचं आहे तेही कळत नाही. किती वाजता पोचावं, बूट कसले घालावेत, मुलांना कुठे अजिबात सोडू नये, आणि परवानगी लागत असेल तर ती कुणाकडे मागायची?

रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच पाहिजेत असा हट्ट नाही. पण मुलांना 'तो बघ पक्षी' याच्या पुढचं काही दाखवता आलं तर फार बरं वाटेल. घरात दुर्बीण एकच आहे, तीही जुनी.

---

चांदकाठ

ताई, पूर्ण फेरी हे उद्दिष्टच ठेवू नका. का ते सांगतो.

मायणीचा तलाव चांद नदीवर ब्रिटिश काळात बांधलेला. अशा कुठल्याही तलावाचे चालणाऱ्याच्या दृष्टीने तीन भाग पडतात. एक भिंत आणि सांडवा, दोन्ही बाजूंचे काठ, आणि वरच्या अंगाला जिथून ओढा-नदी येऊन मिळते तो फुगवटा. भिंतीजवळ पाणी सगळ्यात खोल, म्हणून तिथे पक्षी कमी आणि लांब. फुगवट्यात पाणी उथळ, गाळ भरपूर, म्हणून पक्ष्यांची खरी गर्दी तिथे. पण गाळ तिथेच सगळ्यात खोल असतो आणि फेरी नेमकी तिथेच तुटते. तुमच्या नकाशावरची वाट तुटलेली दिसते ती बहुधा याच कारणाने.

दुसरं म्हणजे या तलावाचा काठ एका जागी राहत नाही. माण-खटावचा पाऊस असा की एखाद्या वर्षी तलाव काठोकाठ, तर एखाद्या वर्षी जानेवारीतच तळ दिसायला लागतो. त्यामुळे मागच्या वर्षी कुणी टाकलेली वाट यंदा पाण्याखाली असू शकते, किंवा पाण्यापासून दोनशे मीटर लांब. वाट ठरवायच्या आधी पाणी कुठे आहे ते बघा.

ते घरबसल्या बघता येतं. कोपर्निकस ब्राउझर नावाचं संकेतस्थळ आहे, फुकट आहे. त्यात सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, म्हणजे पायवाट दिसणार नाही, पण पाण्याची कड स्पष्ट कळते. ढग नसलेली अलीकडची तारीख निवडा आणि 'फॉल्स कलर' हा रंग बदलून दाखवणारा पर्याय लावा. पाणी काळं दिसतं, हिरवळ लाल दिसते, उघडा पडलेला गाळ करडा-निळसर. हे चित्र निघायच्या आदल्या आठवड्यात बघायचं, महिनाभर आधी बघून उपयोग नाही. गुगलच्या नकाशातलं चित्र वर्ष-दोन वर्षांचं जुनं असू शकतं, त्यावर विसंबू नका.

तलाव काठोकाठ असेल तर पाणी बाभळींच्या बुंध्यापर्यंत येतं, चालायला सपाट कड उरत नाही. मग शेताच्या बांधाबांधाने, पाण्यापासून थोडं मागून चालायचं. अशा वर्षी रोहित कमी दिसतात. ते पाय टेकवून, मान खाली घालून चरतात. पाय तळाला पोचत नसेल इतकं पाणी असेल तर त्यांना तिथे खायला मिळत नाही. बदकं मात्र मध्यभागी भरपूर असतात, पण लांब.

तलाव निम्मा उतरलेला असेल तर तुमचं नशीब. पाणी आणि जुना काठ यांच्यामध्ये ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि सगळ्या तऱ्हेचे पक्षी त्या पट्ट्यावर येतात. अशा वेळी चालायची जागा म्हणजे पाणी जिथवर चढलं होतं ती रेघ. ती जमिनीवर दिसते. वाळक्या काटक्या, शेणकुटाचे तुकडे, शिंपल्या, पिसं यांची एक सलग ओळ असते, तिच्या वरच्या बाजूला गवत आणि खालच्या बाजूला भेगाळलेली माती. त्या ओळीच्या वरच्या अंगानेच चाला. जमीन टणक असते आणि पक्ष्यांपासूनचं अंतरही आपोआप राखलं जातं.

तलाव जवळजवळ आटलेला असेल तर नदीच्या जुन्या पात्रात एखादं डबकं उरतं आणि उरलेसुरले सगळे पक्षी त्याच्याभोवती दाटीने बसतात. फोटोला मोह होतो, पण तळातून चालत गेलात तर सगळेच्या सगळे उठतात आणि जवळ दुसरं पाणी नसतं. अशा वर्षी मायणीत फिरू नका. येरळा नदीवरचा येरळवाडीचा जलाशय मोठा आहे, किंवा सूर्याचीवाडीचा तलाव बघा. पाण्याची स्थिती तिथलीही आधी तपासा.

आता कुठला काठ धरायचा ते. जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेच्या अंगानेच जातो. म्हणून सकाळी पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या काठावर राहून पाण्याकडे तोंड केलं की ऊन पाठीवर येतं आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. समोरच्या काठावरून तेच पक्षी नुसत्या काळ्या सावल्या दिसतील. दक्षिणेचा काठ मिळाला तर दुपारपर्यंत अडचण नाही.

सूर्योदय त्या दिवसांत सात वाजून पाच-दहा मिनिटांचा. सव्वासातला तुम्ही चालायला लागलेलं असावं, म्हणजे विटा साडेसहाच्या आत सोडायचं. साडेदहानंतर जमीन तापते, हवा थरथरते आणि दुर्बिणीत लांबचं काही स्थिर दिसत नाही. तोवर वाराही सुटतो. त्यामुळे एका काठाने फुगवट्याच्या दिशेने जायचं, फुगवट्याच्या अलीकडे शे-दोनशे मीटरवर थांबायचं आणि त्याच वाटेने परत. पक्षी बघत चाललं की तासाला जेमतेम एक किलोमीटर होतं. जाताना दीड ते दोन किलोमीटर धरा, येताना निम्मा वेळ लागतो. मुलांसह एवढं भरपूर आहे.

---

काळी_माती

चिखलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तलावाच्या काठी अपघात होतो तो बहुतेक वेळा यातूनच, आणि लहान मुलं त्यात आधी सापडतात.

तलावाचा गाळ वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. वरच्या चार-पाच बोटांच्या थराला भेगा पडून त्याच्या फरश्या होतात. मोठा माणूस बघतो आणि म्हणतो वाळलंय. पाऊल टाकलं की फरशी कलते आणि पाय पोटरीपर्यंत आत. ओळखायच्या खुणा अशा. हरळी दाट वाढलेली असेल तिथली जमीन धरते. लव्हाळा आणि मोथा दिसला की सावध, खाली ओल आहे. पाणकणीस म्हणजे पुढे जाऊच नका. आणि जिथे काहीच उगवलेलं नाही, पृष्ठभाग गुळगुळीत चमकतोय आणि त्यावर फक्त पक्ष्यांच्या पायांचे ठसे आहेत, तिथे तुमचा पाय टेकणार नाही. गुरांच्या खुरांचे ठसे बघा. ते दोन बोटं खोल असतील तर चालेल, वीतभर खोल असतील तर मागे फिरा. गाईचं वजन तुमच्यापेक्षा जास्त आणि खूर लहान, त्यामुळे तिच्या ठशावरून जमिनीचा अंदाज बरोबर येतो.

पुढच्या माणसाच्या हातात साडेचार-पाच फुटांची काठी हवी. टोक जोराने दाबून बघायचं. वीतभर सहज आत गेलं तर वाट बदलायची.

पाय अडकलाच तर सरळ वर ओढू नका. तळव्याखाली पोकळी तयार होते आणि गाळ उलट धरून ठेवतो, शिवाय सगळा भार दुसऱ्या पायावर जाऊन तोही रुततो. मागे टेकून बसा, वजन पसरू द्या, अडकलेला पाय टाचेपासून गोल-गोल हलवा म्हणजे कडेने हवा-पाणी आत शिरतं, मग तिरका बाहेर काढा. काठी आडवी टाकून तिच्यावर हात टेकले की सोपं जातं. मदत करणाऱ्याने जवळ धावत जायचं नाही. घट्ट जमिनीवर राहून काठी किंवा ओढणी पुढे करायची. मुलांना हे गाडीतच सांगून ठेवा, तिथे गेल्यावर ती ऐकत नाहीत.

पाणी उतरलेल्या जमिनीवर कुठे कुठे गाळपेर असते. हरभरा, ज्वारी असं काही उभं दिसलं तर पिकातून वाट काढू नका, वळसा घाला. लागूनच्या खाजगी रानात जायचं असेल तर जे कोणी राखणीला असेल त्याला विचारा. 'बांधाबांधाने जाऊ का' एवढं विचारलं की सहसा नाही म्हणत नाहीत, उलट पुढे कुठे रुतेल तेही सांगतात.

बूट: घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे. फोमच्या मऊ तळव्याचे रनिंग शूज आणि स्लीपर दोन्ही नकोत. वेड्या बाभळीचा वाळका काटा अशा तळव्यातून आरपार जातो, आणि कापलेल्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतातच. सराटेही भरपूर. पायमोजे पँटवर चढवा, म्हणजे कुसळी गवताची कुसळं आत शिरत नाहीत आणि गोचीडही वर चढत नाही. गुरं-मेंढरं चरतात त्या गवतात गोचीड असणारच. घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ हळू ओढायचा. रॉकेल, काडी असले उपाय करू नका.

भिंतीच्या दगडी पिचिंगवरून, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवरून, मुलांना उतरू देऊ नका. दगड सुटे असतात, आणि हिवाळ्यात सकाळी उन्हाला आलेला साप त्याच फटींत असतो. घोणस वाटेच्या कडेला वाळक्या पाल्यात पडलेली असली तर दिसत नाही, म्हणून हात किंवा पाय न बघता कुठे घालायचा नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला चालवू नका, दंशाचा भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. सांडव्यावर शेवाळ असतं, तिथे कुणीच जायचं नाही.

---

वनवाटा_सातारा

परवानगीचं थोडक्यात.

मायणी आणि आसपासच्या तलावांचं क्षेत्र २०२१ साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आलं, त्याखाली हे होतं. अभयारण्यापेक्षा हा दर्जा सैल आहे, गावकऱ्यांचे चालत आलेले हक्क तसेच राहतात आणि व्यवस्थापनाच्या समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. पण अभयारण्याची काही कलमं इथेही लागू होतात, आणि फिरायला येणाऱ्याने ती माहीत करून घ्यायला हवीत. कलम २७(४): वन्यप्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं मना. कलम ३०: क्षेत्राला धोका होईल अशी आग लावायची किंवा पेटती ठेवायची नाही. म्हणजे काठावर चूल मांडून मिसळ-पार्टी करणं हा कायद्याचा भंग ठरू शकतो, नुसत्या शिस्तीचा प्रश्न नाही.

खटाव तालुक्याचं ठिकाण वडूज. तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आठवडाभर आधी चौकशी करा. साधा अर्ज पुरतो: किती माणसं, कुठली तारीख, किती ते किती वाजता, गाडीचा नंबर, हेतू पक्षीनिरीक्षण. वेळा, शुल्क, कुठला भाग बंद आहे हे बदलत असतं, म्हणून दुसऱ्याच्या जुन्या माहितीवर जाऊ नका. एखादा वनरक्षक सोबत मिळाला तर फारच चांगलं, वाट आणि पाणी दोन्ही त्याला रोजचं माहीत असतं. जखमी पक्षी, जाळ्यात अडकलेला पक्षी किंवा शिकारीचा प्रकार दिसला तर वनविभागाची मदतवाहिनी १९२६.

ड्रोन आणायचा नाही. वरून येणारी घरघरती वस्तू पक्ष्यांच्या लेखी शिकारी पक्षीच असतो, अख्खा थवा उठतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणंही बंद ठेवा. आणि डबे पाण्यापासून लांब, गाडीजवळ उघडा. उरलेलं काठावर टाकलं की त्यावर भटकी कुत्री येतात आणि एकदा सवय झाली की जमिनीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या मागे लागतात.

---

शेकाट्या

मुलांना काय दाखवायचं, यावर लिहिते. पक्ष्यांची यादी पाठ करून नेऊ नका. त्यांना पाण्याची खोली बघायला शिकवा, पक्षी आपोआप लक्षात राहतात. काठापासून आत जाऊ तसतसं पाणी खोल होतं आणि दर टप्प्यावर वेगळ्या पायांचे, वेगळ्या चोचीचे पक्षी असतात.

ओल्या गाळावर, पाण्याच्या बाहेर: कंठेरी चिखल्या, तुतवार, धोबी. चिखल्या दोन पावलं पळतो, थांबतो, टिपतो, परत पळतो. तुतवार उभ्या जागी शेपटीचा भाग सारखा खाली-वर करतो. ही दोन हालचालींची ओळख ८ वर्षांच्या मुलालाही पाच मिनिटांत जमते.

घोट्याएवढ्या पाण्यात: शेकाट्या. काळे पंख, पांढरं अंग, लांबलचक गुलाबी पाय. सोबत लहान बगळे आणि शराटी.

गुडघ्याएवढ्या पाण्यात: चित्रबलाक, चमच्या आणि असतील तर रोहित. तिघांच्या चरण्याची रीत वेगळी, इथे मुलांना दुर्बीण द्या. चित्रबलाक पिवळी चोच अर्धी उघडी पाण्यात बुडवून ठेवतो, चोचीला मासा लागला की मिटतो. डोळ्याने शोधतच नाही, त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याचं चालतं. चमच्या मान डावी-उजवीकडे झुलवत गाळतो. रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत घेतो-बाहेर टाकतो आणि चोचीच्या कडेच्या दातऱ्यांत बारीक जीव अडकवतो. मध्येच एका जागी पाय मारत गोल फिरताना दिसतो, तेव्हा तो तळाचा गाळ ढवळत असतो. करडे-मातकट रोहित दिसले तर ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातल्या द्रव्यांमुळे पुढे हळूहळू येतो. आपल्याकडे येणारे बहुतेक मोठे रोहित, त्यांची वीण कच्छच्या रणात होते.

त्याहून खोल: थापट्या, वारकरी, हळदी-कुंकू बदक, टिबुकली, पाणकावळा. थापट्याची चोच पुढे रुंद होत जाते, आणि चार-सहा जण एकमेकांच्या मागे गोल पोहत पाणी गाळतात. टिबुकली बुडी मारली की भलतीकडेच निघते. कुठे निघेल ते ओळखायचा खेळ मुलं अर्धा तास खेळू शकतात. पाणकावळा बाहेर आला की पंख पसरून बसतो, कारण त्याची पिसं भिजतात.

काठावर नारिंगी-तपकिरी जोडी बसलेली दिसली तर चक्रवाक. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली करडी हंसं म्हणजे पट्टकादंब, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेली. ती दिवसा पाण्याजवळ विश्रांती घेतात आणि संध्याकाळी, पहाटे शेतात चरायला जातात. दिवसा झोपलेली दिसली म्हणून आळशी समजू नका, आणि जवळही जाऊ नका.

पाठीमागच्या माळाकडेही बघत चला. माळटिटवी, चंडोल, तारेवर खाटीक, बाभळीवर वेडा राघू. सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहतात आणि निम्मे पक्षी पाठीमागून निघून जातात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रोहितांपासून किमान दीडशे-दोनशे मीटर राहा. तुम्ही फार जवळ आलात हे ते उडण्याआधी सांगतात. आधी चरणं थांबतं आणि माना वर होतात. मग थवा आवळतो, सगळे एका दिशेला तोंड करून चालायला लागतात. माना वर झालेल्या दिसल्या की तिथेच थांबायचं, खाली बसायचं, किंवा चार पावलं मागे यायचं. त्यांना उडायला पाण्यावरून लांब पळावं लागतं, त्यात बरीच ताकद जाते. दिवसातून चार वेळा कुणीतरी उठवलं तर चरायचं राहून जातं आणि तो थवा ते पाणी सोडून देतो. उडणाऱ्या थव्याचा फोटो छान येतो म्हणून हाळी देणारी माणसं असतात. तुमच्या मुलांसमोर कुणी तसं करत असेल तर त्याला स्पष्ट सांगा.

---

घाटमाथा_भटका

पूर्ण फेरी अगदीच अशक्य नाही. पाणी कमी असताना फुगवट्याच्या वर ओढ्याचं पात्र अरुंद होतं, तिथून ओलांडून पलीकडच्या काठाने भिंतीवर परत येता येईल. धडधाकट माणसांना तीन-चार तास पुरावेत.

---

चांदकाठ

भटकादादा, नुसत्या चालण्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण पाणी कमी असतं तेव्हाच पक्षी फुगवट्यात दाटलेले असतात, आणि ओढा ओलांडणारी वाट नेमकी त्यांच्या आणि शेताच्या मधून जाते. शिवाय दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि ऊन तोंडावर असतं. ज्यासाठी आलो ते काहीच दिसत नाही. फेरी करायचीच असेल तर ओढ्याचा वरचा पूल किंवा गाडीरस्ता धरून, पाण्यापासून पूर्ण लांबून करावी. अकरा जणांत चार मुलं आणि दोन ज्येष्ठ असताना तीही नको.

---

माळरान_विटा

सगळ्यांचे मनापासून आभार. कोपर्निकसवर पाणी बघितलं. निम्म्याच्या आसपास दिसतंय, निघायच्या आधी परत बघेन. वडूजला अर्ज देते. पूर्ण फेरी रद्द.

दोन शंका राहिल्या. सासऱ्यांना फार चालवत नाही, त्यांना गाडीतच बसवावं लागेल का? आणि दुर्बीण नवी घ्यायची तर कसली? जुनीतून मुलांना दोन-दोन पक्षी दिसतात म्हणतात.

---

शेकाट्या

गाडीत मुळीच बसवू नका. घडीची स्टुलं दोन घ्या. गाडीपासून दोन-तीनशे मीटरवर एखाद्या बाभळीच्या सावलीत, पाठीला झाड येईल आणि समोर उघडा गाळ दिसेल अशा जागी दोघांना बसवा. बसवण्याआधी झाडावर आग्या मोहोळ नाही ना ते बघून घ्या. न हलता बसलेल्या माणसाची पक्ष्यांना वीस-पंचवीस मिनिटांत सवय होते आणि चिखल्या-धोबी दहा-पंधरा मीटरवर चरायला येतात. चालणाऱ्यांना इतक्या जवळून सहसा बघायला मिळत नाही. एक मोठं माणूस आणि थर्मास त्यांच्याजवळ राहू द्या. पाणी माणशी दीड लिटर, सकाळच्या थंडीला स्वेटर, आणि कपडे मातकट किंवा मळखाऊ हिरवे. पांढरा आणि लाल टाळा. सगळे एकत्र जाऊ नका. उरलेल्या आठांचे चार-चारांचे दोन गट, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर.

दुर्बीण: घ्यायचीच तर ८ × ४२. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची घेतली की हाताचा कंपही दहापट दिसतो, मुलांना पक्षी सापडतच नाही. मुलांसाठी ८ × ३२ हलकी पडते, पण दोन नळ्या किती जवळ येतात ते दुकानात मुलाच्या डोळ्याला लावूनच बघा. २० पट, ५० पट असे आकडे लिहिलेल्या स्वस्त छोट्या दुर्बिणी घेऊ नका. आत अंधार दिसतो.

दोन पक्षी दिसतात त्याचं साधं कारण म्हणजे दोन नळ्यांचं अंतर मुलाच्या डोळ्यांना जुळवलेलं नसतं. आधी मधली बिजागरी दाबत दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत जवळ आणा. मग उजवं भिंग हाताने झाकून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावं झाका आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी उजव्याला स्पष्ट करा. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबायचे. एवढं करूनही दोनच दिसले तर आतली लोलकं हलली आहेत. ती घरी उघडून बसत नाहीत, दुरुस्तीला द्या.

आणि मुलांना मोजायला लावा. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा किती जागा घेतात ते नजरेत धरायचं आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर किती बसतात ते बघायचं. दोन मुलांनी वेगवेगळं मोजून आकडे शेवटी जुळवायचे. फार फरक आला तर तिसऱ्याने मोजायचं. वहीत तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, कुठल्या काठावरून मोजलं आणि पाणी किती उतरलंय एवढं लिहा. पुढच्या जानेवारीत तोच काठ, तीच वेळ धरून परत मोजलं तर ते आकडे वनविभागालाही देता येतील. पक्ष्यांच्या नोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावरही टाका, तिथे मराठी नावांनी नोंद करता येते.

---

काळी_माती

जाता जाता: गाडी भिंतीवर किंवा गाळाच्या कडेला नेऊ नका. डांबरी सोडून उतरवायची असेल तर आधी पायी जाऊन खुरांचे ठसे बघा. आणि वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये रुतला असेल तर तिथल्या तिथे उपटू नका, हवा धरून असेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंत तसाच राहू द्या.